सतरा बांगड्यांचं नाव

जैतूनबी कधी कोनाच्या तोंडाकडे पाहून बोलत नसे. हाताकडे पाहून बोले. मनियारीन होती ती, गावोगाव बांगड्या भरायचा धंदा. बाईनं हात पुढं केला की डोये मिटे, अंगठ्याचा सांधा दाबून पाहे अन् माप सांगे. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. फीत नाही, पट्टी नाही. माप सांगून झालं की बाकीचं सांगे. हा हात पऱ्हाटीतला कापूस येचून आला. ह्या हातानं सकायपासून काई खाल्लं नाही. ह्या हाताले कोनंतरी मुरगायलं, कोन ते सांगू नको, मले समजलं. बाया हसत. एखादी रडे. रडनारीचा हात ती सोडत नसे, पन तिच्या तोंडाकडे तवाही पाहत नसे.

आमचं गाव मूर्तिजापुरापासून दोन कोसावर. शकुंतला गाडीच्या रुळारुळानं ती चालत ये, डोक्यावर पत्र्याची पेटी. पातय आमच्यासारखंच नेसे, वरून पांढरी ओढनी. एवढं काचेचं वझं घेऊन खडीवरून कशी चालतं म्हनून म्या एक खेप इचारलं, तर म्हने, काच उचलून चालनारी बाई पडत नाही, तिले पडायची सवडच नसते.

जमिनीवर ती बसत नसे. कोनाच्याही घरी गेली तरी आपल्या पेटीवर बसे, मंग समोर पाटील असो का पाटलीन असो. अन् पेटीत एक चिनी मातीचा कप असे, फडक्यात गुंडायलेला. त्याचं कारन होतं. काई घरी मुसलमानाच्या बाईसाठी येगया कप ठेवत, दांडी तुटलेला, अन् पेल्यावर तिलेच धुवाले लावत. जैतूनबी भांडत नसे. चहा आला की आपला कप काढे, त्यात ओते, तुटका कप तसाच बाजूले ठेवे. एक दिवस सरपंचाच्या घरी तिनं आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला अन् बशी सरपंचिनीपुढं धरली. "घे वं. माह्या कपातला जरा गोड लागते." सरपंचीन लाजली, पन पेली. मी तठीच बांगड्या भरून राहिली होती, म्या पाह्यलं. त्या घरात तुटका कप मंग कोनाले दिसला नाही.

मी दुसरी शिकलेली. अक्षरं लावून लावून वाचतो. जैतूनबीले तेही येत नव्हतं. तिले आकडे येत. मापाचे, भावाचे, बसच्या पाटीवरचे. ती म्हने, अक्षरं मानसं पाहून बदलतात, आकडा कोनाचं तोंड पाहत नाही.

मंग ती खराब सालं आली. पानी दगा दे, बोंडाले अयी लागे, कापसाले भाव नसे, अन् गावोगावचे जवान मानसं एकाएकी जाऊन राहिले. पेपरवाले येत, लिवून नेत. जैतूनबी म्हने, साल कसं हाय ते पेपरवाल्याले काहून पुसता, माह्या पेटीले पुसा. तिच्या पेटीतल्या बांगड्या खपत नव्हत्या. ज्या गल्लीत दहा हात भरायची तठी सात उरले, मंग पाच. पंचवीस-तीस वर्षाच्या पोरी, अन् हात मोकये. मोकया हाताच्या घरापुढून मनियारीन पुढं निंगून जाते, अशी रीत. जैतूनबी थांबे. पेटी उतरवे, पानी मागे, पोरीचा हात हातात घेऊन बसे अन् उठे.

माहा मालक त्याच सालात गेला. त्यानं सोताले काई केलं नव्हतं. बऱ्याच येयानं लाइन आली म्हनून इहिरीवर मोटर चालू करायले गेला अन् मोटरच्या स्टार्टरले करंट होता. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी जैतूनबी आली. दारात पेटीवर बसली. माहा हात घेतला, सांधा दाबला, माप काई सांगतलं नाही. पुसलं ते एवढंच, "वावर कोनाच्या नावानं हाय?"

मले लय राग आला. मानूस जाऊन चौदा दिवस झाले अन् ही वावर इचारते. म्या हात ओढून घेतला. ती म्हने, "राग धर. पन कचेरीत जाऊन पाहून ये."

म्या ऐकलं नाही. आठ दिवसासाठी माहेरी चांदूर बाजारले गेली. वापस आली तवा तलाठ्याच्या फयीवर कागद लागला होता. आमचं तीन एकर, त्यात इहीर. म्या त्या वावरात सांबार म्हनजे कोथिंबीर, मेथी, वांगे लावे अन् मूर्तिजापूरच्या बजारात इके, त्याच्यावरच घर. मालक अन् माहा दीर सोपान, दोघांच्या नावानं ते सामाईक होतं. सोपानभाऊनं अर्ज टाकला होता की भाऊ वारला, लेकरूबाळ नाही, बायको कायमची माहेरी निंगून गेली, तवा वावर माह्या एकट्याच्या नावानं करा. हरकत घ्यायले पंधरा दिवस, त्यातले सहा गेलेले.

आता कचेरीतल्या मशीनचं सांगतो. तिच्याशिवाय जैतूनबी समजनार नाही.

त्या वर्षी तालुक्याच्या कचेरीत वरांड्यात एक मशीन आनून बसवली होती, लोखंडी कपाटावानी. काई काम असो, दाखला असो का अर्ज असो, पयले मशीनची चिठ्ठी काढायची. चिठ्ठी नसन तर बाबू वर मान करत नसे. मशीनले आकड्याचे बटनं होते, एक ते नऊ अन् खाली शून्य. एकेका बटनावर चार-चार पाच-पाच अक्षरं बसवलेले. आपन काना-मात्रा सोडून बटन एकेकदा दाबायचं, अन् कोनतं अक्षर पाहिजे ते मशीन आपल्या मनानं ताडे अन् नाव दाखवे. तिच्या पोटात वावरवाल्यांची यादी भरलेली. त्यातलं जे नाव जास्त खेपा निंगालं ते ती पयले दाखवे. बरोबर असन तर हिरवं बटन दाबायचं, चिठ्ठी खाली पडे.

लोकं तिच्यापुढं चपला काढत. खोटं नाही सांगत. अन् मशीन जे नाव दाखवन त्याले हो म्हनत. आमच्या गावचा म्हातारा पांडू गेला, मशीननं बंडू काढलं. त्यानं हिरवं बटन दाबलं अन् दिवसभर बंडू होऊन बसला. बाबूनं बंडू म्हनून हाक मारली तर उठून उभा राह्यला. काहून गा, म्हनून इचारलं तर म्हने, सरकारी मशीन आहे, तिले जास्त समजते, माहं बारशाचं नाव बंडू असन.

जैतूनबी तठीच बसे. गावातला धंदा बसला तसं तिनं कचेरीच्या वरांड्यात, मशीनसमोरच, आपली पेटी मांडली होती. कामाले आलेल्या बाया तठी ताटकयत, त्यातल्या एखादीले बांगड्या भरून दे. पांडूचं तिनं ऐकलं अन् म्हनलं, "चाचा, उद्या मशीन म्हनन तू मेला, तर सरन रचून त्याच्यावर झोपशीन का?"

म्हातारा म्हने, पाहू, इचार करू.

मी गेली तवा शिपायानं गाव दाबून देलं, आडनाव दाबून देलं. नावाले नऊ, सात, सहा. मशीननं दाखवलं, सोपान. माहं नाव सुमन, त्याचेही तेच तीन बटनं. म्या म्हनलं हे माहं नाव नोहे. शिपाई म्हने, यादीत सुमन नाही, सोपान आहे. यादीत नाही म्हनजे नाही. ती चिठ्ठी घेऊन मी बाबूपुढं उभी राह्यली. बाबूनं वाचलं अन् म्हने, सोपानले पाठवा, तुमचं काय काम? दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. माह्या दिराच्या अर्जावर हरकत घ्यायले मशीन माह्या दिरालेच बोलावून राहिली होती. आता सहाच दिवस उरले होते.

जैतूनबी पेटीवरून सगयं पाहून राहिली होती. मले तिनं जवय बोलावलं, अन् माफी काई मागू देली नाही. तिनं सांगतलं की अकोल्याचा मेकॅनिक मशीन दुरुस्त करायले आल्ता तवा त्यानं आपलं सोताचं नाव काढून पाह्यलं होतं. त्यानं पयले शून्याच्या बाजूचं चांदनीचं बटन दाबून धरलं, मशीन एकदा टुन करे, अन् मंग तो एकच बटन टुकटुक कितीतरी येया दाबे. "तवा मशीन ताडत नाही. तू जे दाबशीन तेच लिवते. म्या त्याची बोटं मोजली." तिच्यासारखी बाई वरांड्यात दोन महिने बसून मानसाच्या तोंडाकडे नाही तर हाताकडेच पाहीन ना.

मंग आमी दोघी बसलो. मी बटनावरची अक्षरं लावून लावून वाचे, ती मोजे. स, नवाच्या बटनावर तिसरा. उकार, एकाच्या बटनावर चवथा. म, सातावर पाचवा. न, सहावर पाचवा. बटनं ध्यानात ठेवनं सोपं होतं, एक्यान्नव शहात्तर. पन कोनतं किती खेपा ते माह्या डोक्यात राहे ना. चूक झाली की मशीन सगयं पुसून टाके. मागं लाइनीतली मानसं ओरडत. अन् शिपायानं जैतूनबीले दम देला होता की मशीनजवय एकाच मानसानं उभं राहायचं, तू पेटीवरून हलली तर पेटी रस्त्यावर फेकीन.

दुसऱ्या दिवशी सकायी तिनं म्हनलं, हात आन.

म्या हात देला. मले वाटलं, धीर द्यायले मागते. तिनं सांधा दाबला, दोन-सहा म्हनलं, अन् उजव्या हातात तीन हिरव्या बांगड्या चढवल्या. मंग चार लाल. म्या हात ओढायले गेली तर मनगट पकडून ठेवलं. डाव्या हातात पाच पिवया, पाच निया. सतरा बांगड्या. महिन्यापयले ज्या हातातल्या बांगड्या बायांनी दगडानं फोडल्या होत्या, त्या हातात.

मावशी म्हनून तिले मी खाला म्हने. म्या म्हनलं, खाला, गाव मले जगू देनार नाही.

ती म्हने, "गावानं तुह्या वावराची हरकत घेतली का? नाही ना? मंग बांगड्यायचीही घेऊ नये. एक खेप बटन दाबलं का एक बांगडी कोपराकडे सरकव. रंग सरला का पुढचं बटन."

मी उभी राह्यली. बांगड्या वाजत. सगया वरांड्याले माहीत होतं मी कोन अन् माह्या घरी काय झालं. एका मानसानं थुकलं. म्या चांदनीचं बटन धरलं, मशीन टुन झाली. नऊ. हिरवी सरकवली. नऊ. हिरवी. नऊ. हिरवी.

लालवर होती तवाच सोपानभाऊ वरांड्यात चढला. त्याले त्या दिवशी जबानीले बोलावलं होतं. त्यानं माहे हात पाह्यले अन् जागीच उभा राह्यला. मंग सगयाईले ऐकू जाईन असा बोलला, "भावाची राख निवली नाही, अन् ह्या बांगड्या कोनाच्या नावाच्या घातल्या वं?"

म्या बोटं थांबवली नाहीत. थांबवली असती तर मशीननं पुसलं असतं. मले बोलायचं होतं, पन मी लाल मोजून राहिली होती.

जैतूनबी पेटीवरून उठली नाही. आवाजही चढवला नाही. "सोपानभाऊ, त्या तुह्या भावाच्या नावाच्या नोहे. त्या तिच्या सोताच्या नावाच्या हायेत. मोजून घे पाह्यजे तर. सतरा हायेत."

मी सातवर गेली, पिवया सरकवल्या. सहावर गेली, निया सरकवल्या. मशीनच्या काचेवर सुमन आलं. म्या हिरवं बटन दाबलं.

चिठ्ठी बाबूनं तीन खेपा उलटीपालटी करून पाह्यली. यादीत नाव नाही तर चिठ्ठी निंगाली कशी? वरांड्यातून जैतूनबी म्हने, "मशीननं काढली. सरकारी हाय, तिले जास्त समजते." बाबूनं हरकतीचा अर्ज घेतला, शिक्का मारला. पंधरातला दहावा दिवस होता.

घरी सासूनं माह्या हाताकडे पाह्यलं अन् चुलीकडे तोंड फिरवलं. तीन दिवस बोलली नाही. चवथ्या दिवशी म्हने, भांडे घासताना काढून ठेवत जाय, फुटतीन. म्या तेवढं आयकलं. गावातल्या बाया पानी भरताना बाजूले सरकत. मी बांगड्या काढल्या नाहीत. तारखेवर तारीख पडे, दर तारखेले चिठ्ठी लागे.

पन जैतूनबी तेवढ्यावर राहनारी नव्हती. तिनं एक गोष्ट पाह्यली होती. एकदा टाकलेलं नाव मशीन ध्यानात ठेवे, अन् जितक्या खेपा काढसान तितकं ते वर सरके. तिनं मले सांगतलं, बजारले आली का रोज एक चिठ्ठी काढत जाय, काम असो का नसो. "बैल रोज ज्या वाटेनं नेला त्याच वाटेनं जाते. ह्या मशीनले तुह्या वाटेची सवय लाव." म्या भाजीची पाटी वरांड्यात ठेवे, चिठ्ठी काढे, अन् बजारात जाये. शिपाई किरकिरे. जैतूनबी त्याले म्हने, कागद तुह्या बापाच्या घरचा हाय का?

मंग दुसऱ्या गावच्या पोरी येऊ लागल्या. सगया मोकया हाताच्या. कोनाले वारसाचा दाखला पाह्यजे, कोनाले निराधारचा फारम. मी अक्षरं सांगे, जैतूनबी मोजे अन् भरे. कोनाचं नाव मनगटातच मावे, कोनाचं कोपरापर्यंत जाये. अन्नपूर्णा नावाची एक पोरगी होती, तिचं भरता भरता पेटीतला निया रंग सरला, तर जैतूनबी तिच्या मायले शिव्या देऊन राहिली होती की नाव ठेवताना मनियारीनले पुसायचं होतं. ती पोरगी हासली. घरी गोष्ट घडल्यापासून पयल्यांदा हासली, असं तिच्यासंग आलेली बाई म्हने. दर सोमवारी वरांड्यात दहा-बारा जनी उभ्या राहत अन् सगया हातभर बांगड्या घातलेल्या. नव्यानं आलेल्या मानसाले वाटे, लग्नाचं वऱ्हाड आलं.

अन् एका तारखेले सोपानभाऊ चिठ्ठी काढायले गेला. नऊ, सात, सहा. मशीननं दाखवलं, सुमन. त्यानं पुसून परत दाबलं. सुमन. शिपाई म्हने, दुसरं नाव पाहायचं असन तर खालचं बटन दाबा, तुमी दुसऱ्या नंबरवर गेले. जैतूनबी बांगड्या पुसून राहिली होती. तिनं मान वर केली नाही, पन तिचा खांदा हालताना म्या पाह्यला.

तारखा वरीसभर चालल्या. माहं नाव नसलेलं माहेरचं रेशन कार्ड, पोलिस पाटलाचा दाखला, शेजाऱ्याच्या जबान्या. माह्या बाजूनं जबानी द्यायले म्हातारा पांडू आला, अन् बाबूनं नाव इचारलं तवा जोरानं पांडू म्हनलं. तवापर्यंत जैतूनबी वरांड्यातून उठली होती. साखरेनं तिची नजर गेली. अकोल्याले लेकीकडे राहायले गेली, पेटी जावयानं उचलून नेली. मंग ती फार दिवस जगली नाही, त्याच साली पावसाळ्याच्या आंदी गेली. मले निरोप उशिरा भेटला, मातीले जाता आलं नाही. म्हनून माह्यासाठी ती शेवटची दिसली ते लेकीच्या घरीच.

ज्या दिवशी नवा सातबारा हातात आला त्या दिवशी मी सरळ अकोल्याच्या गाडीत बसली. संग सांबाराची जुडी अन् चार वांगे. लेकीचं घर स्टेशनामागं, एकच खोली. जैतूनबी खाटेवर बसून होती. डोये उघडे, पन दिसत काई नव्हतं. म्या हात हातात देला तर सांधा दाबून म्हने, सुमन. मंग म्हने, दोन-सहाचा हात दोन-चार झाला, खात जाय.

म्या सांगतलं, खाला, कागद झाला. वावरावर माहं नाव लागलं.

तिले वाचता येत नव्हतंच, अन् आता दिसतही नव्हतं. तरी म्हने, कोठी हाय दाखव. म्या तिचं बोट धरलं अन् नावावर ठेवलं. ती त्या जाग्यावर बोट घासून राहिली, जशी काच खरबडीत आहे का पाहे तशी. मले वाटलं रडते का काय. ती रडनारी नव्हती.

"अन् सोपान कोठी हाय?"

म्या बोट जरासं वर सरकवलं. म्हनलं, हे त्याचं.

"वर?"

वरच असते खाला, म्या म्हनलं, त्याचं पयल्यापासून होतं, माहं मागून लागलं. दोघायचं सारखंच आहे, वर अन् खाली काई फरक पडत नाही, बाबूनं तसं सांगतलं.

"बाबूनं सांगतलं," ती म्हने. कागद घडी करून तिनं माह्या हातात कोंबला. लेकीले हाक मारून ओढनी मागतली. लेक म्हने, अम्मी, कोठी जातं, बस ना. ती म्हने, मूर्तिजापुरले, गाडी किती वाजता हाय ते पाह्य. लेकीनं माह्याकडे पाह्यलं, म्या लेकीकडे.

जैतूनबी खाटेवरून पाय खाली सोडून बसली होती, अन् पायानंच फरशीवर आपली चप्पल शोधून राहिली होती.